खालचे बाण

—अहो नाही, बसा बाई, वर्ग सुटलाय माझा. मुलीला ऑर्बिटल कळत नाहीत, एवढंच ना? सोपं असतं हो. एका मजल्यावरच्या खोल्या समजा — इलेक्ट्रॉन आधी एकेकटा एकेक खोली धरतो, सगळ्या खोल्यांत एकेक झाला की मगच जोड्या. आणि एका खोलीत दोघंच, तीही उलट्या फिरकीची. एकाचा बाण वर, दुसऱ्याचा खाली. हे मी माझ्या जुळ्यांवरून शिकवायचे. माझ्या म्हणजे — वर्गातल्या. रगदा आणि लमीस. चेहरा एक, हिजाब एक, फरक इतकाच की लमीस डावखुरी. दोघी एकदम फळ्याशी यायच्या — वरचे बाण रगदा काढणार, खालचे लमीस. मुली ओरडायच्या, ‘मिस, इलेक्ट्रॉन आले!’

ऐकलं असेलच तुम्ही, दमनहूरच्या रस्त्यावर मायक्रोबस कालव्यात गेली ती. दोघी होत्या तिच्यात. लमीस गेली. तिच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर रगदा आली शिकवणीला. मी फळ्यावर ऑक्सिजनच्या तीन खोल्यांचे चौकोन काढले, म्हटलं, ये गं, बाण भर. तिनं पहिल्या चौकोनात, उजव्या कडेला, एक बाण काढला — खाली जाणारा. आणि बाजूला होऊन उभी राहिली. ‘अगं, आणि बाकीचे?’ तर म्हणते कशी, ‘ते ती काढते, मिस.’ खडू डाव्या हातात होता, बाई.

इस्पितळात मी होते ना! पोरगी शुद्धीवर आली तेव्हा आई उशाशी — ‘रगदाच ना गं तू? माझी रगदाच ना?’ दोघींत रगदा थोरली. सगळी गल्ली आईला उम्म रगदा म्हणते, रगदाची आई. पोरीनं आईकडे बघितलं, बघतच राहिली — आणि हळूच मान हलवली. आता मी काय करू? त्या माऊलीला जाऊन सांगू, की कबरीवरचं नाव — नाही हो, कोणत्या तोंडानं? मीही रगदाच म्हणते. पण हाक मारली की ती आधी शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघते. थांबते. तिकडून कोणी बोललं नाही, की मग म्हणते, ‘जी, मिस.’ रोज हेच, बाई.

बघा, काय बोलत बसले मी. तुमची मुलगी रविवारपासून येऊ दे — कुठं राहता म्हणालात?

...उम्म रगदाच्या समोर?

निघा तुम्ही. मी काही बोलले नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. जिन्यात अंधार आहे, कठडा धरून उतरा.