गायकाच्या दातात काडी

चहा होईस्तोवर हे ऐका. आमच्या तरणेपणी गाजलेला ऑर्केस्ट्रा यंदा लातुरात आला, अन् त्यांच्या कपड्यांना टाके घालायला मला स्टेजमागं बसवलं. ज्याच्या आवाजावर आम्ही पोरी जीव टाकायचो, तो गायकच धावत आला. पँट मागून उसवलेली.

म्हणलं, "ही काडी दातात धरा. अंगावर शिवताना बोलायचं न्हाई, अपशकुन असतो."

"ताई, तिकडं माझं नाव पुकारून राहिलेत."

"पुकारू द्या. असंच जाता का लोकांपुढं?"

गप काडी धरली त्यानं. मी शिवून पाठवला.

लई नाचून गायला. आता मैत्रिणी विचारतात, कोणकोणती गाणी म्हणला? मला काय ठाऊक? मी मागून सगळा वेळ शिवणच बघत होते. उसवली न्हाई.