एक 'व' जास्त

टाळकरी, टाळ जरा खाली ठेवा. मंडळी, ऐका. प्रश्न साधा आहे — देवाकडे मागताना एक अक्षर जास्त पडलं, तर देव ते खोडतो का? नाही खोडत. देव काय शाळामास्तर आहे?

डोंगरावर एक वाडी होती. पाण्याचं एकच टाकं, खडकात कोरलेलं, आणि काठावर देवी — टाकाई. माणसं इतकी थोडी, की गोंदाजीचा बाप गेला तेव्हा तिरडीला चौथा खांदा मिळेना! शेवटी गोंदाजीची बायको सुंद्रा पदर खोचून उभी राहिली. गोंदाजीला ते फार लागलं. त्यानं टाकाईपुढे उपास धरला. देवी प्रसन्न झाली. माग म्हणाली.

सुंद्रानं घरून पढवलं होतं, "जास्त बोलू नका. 'आई, आम्हाला वाढ,' एवढंच म्हणा. पानात पडलं की झालं."

पण बायकोचा निरोप जसाच्या तसा पोचवणारा नवरा — आहे का कोणी इथे? हात वर करा. नाही ना? गोंदाजीच्या डोळ्यांपुढे ती तिरडी. तो म्हणाला, "आई, आम्हाला वाढव."

एक 'व' जास्त. देवी म्हणाली, "बरं."

वाढली हो वाडी! पोरांना पोरं झाली, घराला घर लागलं. सरपणाला रान गेलं, रानामागे पाखरं गेली, टाक्यात येणारा झरा आटत आला. खांदेकरी मात्र मुबलक.

गोंदाजी म्हातारा झाला. त्याला पणती झाली — आणि तिला न्हाऊ घालायला घरात तांब्याभर पाणी नाही. तो काठी टेकत टाकाईकडे गेला.

"आई, टाकं वाढवायचं राहिलं."

"तू टाक्याचं बोललाच नाहीस."

"मग आता तरी आम्हाला वाढ."

"कशी वाढू? रानाच्या पत्रावळीवर तुम्ही बसलात. पाखरांच्या पत्रावळीवरही तुम्हीच. पुढच्या पंगतीचं पातेलं खरवडून झालं. सगळे जेवायलाच बसलात, गोंदाजी. वाढपी कोण आहे?"

गोंदाजीला लाज वाटली. खरी लाज. तो पाण्याच्या रांगेत उभा राहिला, वाट्याला आलेली कळशी पणतीच्या आईपुढे ठेवली, आणि त्या दिवशी स्वतः कोरडाच निजला. पावसाळ्यात उघड्या उतारावर रोपं लावू लागला. वाडी हसली. पुढे एक नवी सून पाया पडायला आली. 'अष्टपुत्रा' अगदी ओठांवर आलेलं — गिळलं त्यानं. म्हणाला, "दोन पुरेत, बाई. आणि मुलगी झाली तर तीही मोज."

टाकं भरलेलं गोंदाजीनं पाहिलं नाही. पणतीनं पाहिलं. तो गेला तेव्हा अख्खी वाडी लोटली होती. तिरडीला खांदे लागले चारच.

आता आपलं. कीर्तन झालं की महाप्रसाद आहे. जेवायला कोण कोण बसणार? हात वर करा. वा — अख्खा मांडव!

आणि वाढायला?

सावकाश सांगा. मी थांबतो. आमटी निवते आहे.