सात नंबरचा वाफा

काका : एकोणचाळीस, चाळीस... ताई, हा धागा एक आहे की दोन? एकावर एक चढून बसलेत.

ताई : मी काही सांगणार नाही, काका. ते चाक हळू फिरवा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

काका : दोन आहेत. म्हणजे बेचाळीस! पण माळ्याला कशाला बसवलंत या सूक्ष्मदर्शकापुढे? साहेबांनी बघितलं तर माझी उरलीसुरली अब्रू जाईल.

ताई : बघू देत. तुमच्या वाफ्यातल्या त्या अकराही रोपांचे धागे मी कालच मोजले, प्रत्येकाचे बेचाळीस. माझाच माझ्यावर विश्वास बसेना, म्हणून तुम्हाला बसवलं.

काका : पण या धाग्यांचा माझ्या वाफ्याशी काय संबंध?

ताई : ही गुणसूत्रं. झाडाच्या प्रत्येक पेशीत ठरलेलीच असतात. बुटक्या जातीच्या भूर्जवृक्षात अठ्ठावीस, उंच जातीच्या भूर्जात छप्पन्न. सात नंबरला तुम्ही काय पेरलं होतंत?

काका : बुटक्याचं बी, आपल्याच बागेतलं. फक्त बुटक्याचं! दोनशे रोपं घोट्याएवढी राहिली आणि ही अकरा गुडघ्याला लागली, तर साहेब म्हणाले, तुम्ही उंचाचं बी मिसळलंत. अहो, भूर्जाचं बी म्हणजे पंख फुटलेली धूळ. लोकरीला चिकटतं, म्हणून पेरताना मी स्वेटर काढून बसतो, दात वाजत असतात माझे. तरी अहवालात काय आलं? माळ्याचा निष्काळजीपणा. आज दुपारी वाफा उपटायचा आणि उद्यापासून मी फाटकावर पहारेकरी.

ताई : मग भांडला का नाहीत?

काका : आधी भांडलो की. मग माझाच धीर सुटला. स्वतःचे हात बघत बसायचो. म्हटलं, वय झालं, झालीही असेल चूक.

ताई : आता ऐका. उंचाचं बी चुकून पडलं असतं, तर धागे किती दिसले असते?

काका : छप्पन्न.

ताई : आणि बुटकंच असतं तर?

काका : अठ्ठावीस. हे तर अधलंमधलंच काहीतरी.

ताई : निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून. बुटक्याची चौदा, उंचाची अठ्ठावीस.

काका : बेचाळीस! म्हणजे बुटकी आई आणि उंच बाप?

ताई : हो! वाऱ्यावर पराग आला आणि झाडावरच काम झालं. बी तुमच्या हातात पडलं, तेव्हाच ते तसं होतं.

काका : करून गेला वारा आणि माझ्या नावाने शिमगा!

साहेब : कसला आरडाओरडा चाललाय? माळीबुवा, तुम्ही इथे? वाफा उपटून झाला?

ताई : सर, दोन मिनिटं बसा. या काचेवर सात नंबरच्या वाढलेल्या रोपाच्या मुळाचं टोक आहे. मोजा.

साहेब : त्यात मोजायचं काय? छप्पन्न असणार. या दोघांचा संकर होत नाही. माझ्या पुस्तकात तसं छापलंय.

ताई : हातच्या काकणाला आरसा कशाला, सर?

साहेब : भलताच हट्ट तुमचा. सरका... दहा... वीस... एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. हे कसं शक्य आहे? काच नीट तयार झालेली नाही.

काका : साहेब, खाली उजवीकडे बघा. तिथे दोन आहेत, एकावर एक. चाक हळू फिरवा.

(साहेब चाक हळूहळू फिरवतात आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतात.)

साहेब : बेचाळीस.

ताई : अकराच्या अकरा रोपांत, सर. तुमच्या पुस्तकातलं ते पान मात्र...

साहेब : पान गेलं खड्ड्यात! बेचाळीस! बावीस वर्षं डोंगर पालथे घातले, एक संकर सापडला नाही, म्हणून तसं लिहिलं मी. आणि हे अकरा माझ्याच खिडकीखाली वाढतायत! माळीबुवा, वाफ्याला अजून हात नाही ना लावलात?

काका : नाही साहेब. कुदळ सापडली नाही.

साहेब : दाराशीच तर टेकवून ठेवलीय!

काका : मला नाही दिसली.

साहेब : बरं झालं नाही दिसली! चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो मी. अहवाल आजच बदलतो. चूक माझी होती असं लिहितो आणि सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचतो. तुम्ही फाटकावर जायचं नाही. मला माफ करा, काका.

काका : असू दे, साहेब. तेवढं वाचा मात्र नक्की. ताई, घरी एक फोन लावून देता?

ताई : हा घ्या, लागलाय.

काका : अगं, मीच बोलतोय. काही झालं नाही, ऐक तर. बी मिसळलं नव्हतं! मी मोजलं, ताईंनी मोजलं, साहेबांनीसुद्धा मोजलं... रडतेस कशाला?... हो, तुला पहिल्यापासून माहीत होतं. हो गं, रोज सांगत होतीस. पण मला नव्हतं ना माहीत.