शनिवारच्या प्रार्थनाघराचे खांब

जबाब देणार: माकेरीता आपेलू, वय ६१ वर्षे, धंदा शेती (तारो कंद व केळी), राहणार मौजे सालेमोई, उपोलू बेट, सामोआ.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी मुलगा सामासोनी, सून लुपे व दोन नातवंडे यांच्यासह राहते. पती हयात नाहीत. गावात एकच चर्च आहे. मी जन्मापासून तिथलीच, रविवारी गाणाऱ्यांत बसते. मी पंथ बदललेला नाही. हे आधी लिहून घ्यावे, कारण गावात वेगळे बोलले जाते.

सामासोनी न्यूझीलंडला कामाला असताना रविवारऐवजी शनिवार हा देवाचा दिवस पाळणाऱ्या पंथात गेला. परत आल्यावर आणखी तीन कुटुंबे शनिवारी त्याच्याबरोबर आमच्या नीरफणसाच्या झाडाखाली प्रार्थनेला बसू लागली. पावसात लहान मुले भिजत, म्हणून त्याने तिथेच छोटे प्रार्थनाघर बांधायला घेतले. जमीन आमच्या कुळाची आहे. कुळाचा प्रमुख माझा धाकटा भाऊ इओसेफो, पदवी उलूगिआ. त्याने "बांधू दे की" असे म्हटले होते. पण ते मला एकटीला, चारचौघांत नाही.

खांब उभे राहिल्यावर मुखियांच्या सभेने सामासोनीला बोलावून काम थांबवायला सांगितले. सामासोनी म्हणाला, "देशाच्या कायद्याने कुणालाही हवी तशी प्रार्थना करता येते." त्यावर सर्वांत वडील मुखिया लेआसी म्हणाले, "कायदा आपिआ शहरात राहतो. सालेमोईत आम्ही राहतो." सगळे हसले. माझा भाऊ हसला की नाही, ते मला दिसले नाही. सामासोनीने काम थांबवले नाही, पत्रे चढवले.

गेल्या रविवारी चर्चनंतर भाऊ घरी आला. कोको घेतला, पण अर्धा तसाच ठेवला. म्हणाला, "ताई, उद्या तू पोरांना घेऊन लुपेच्या माहेरी जा."

"का?"

"विचारू नकोस ना."

"मग त्यांच्याबरोबर तू तरी येऊ नकोस."

"मी आलो नाही तर उद्यापासून मला सभेत कोण बसू देईल?"

मी लुपेला व मुलांना पाठवले. स्वतः गेले नाही. सोमवारी सकाळी झाडलेले अंगण पुन्हा झाडत होते, तेव्हा गावातले वीस-पंचवीस पुरुष कुऱ्हाडी व दोर घेऊन आले. सामासोनी प्रार्थनाघरात शिरून मधल्या खांबाला धरून उभा राहिला. माझ्या भावाला म्हणाला, "मामा, निदान तुम्ही तरी नको."

लेआसी म्हणाले, "उलूगिआ, जमीन तुझी, भाचा तुझा. पहिला घाव तुझा."

भावाने माझ्याकडे पाहिले. आमच्यात बहिणीचा शब्द भावाने मोडायचा नसतो, हे साहेबांनाही ठाऊक आहे. मी म्हणाले, "सेफो, कुऱ्हाड खाली ठेव." हे टेबल आणि तो दरवाजा, एवढेच अंतर होते. त्याला ऐकू आले.

माझ्या भावाने पहिला घाव घातला, कोपऱ्यातल्या खांबावर. मग बाकीचेही तुटून पडले. छप्पर एका अंगाला कलले, तुळई खाली आली आणि सामासोनीचा डावा पाय मोडला. तो ओरडला तेव्हा सगळे थांबले. तुळई उचलायला पहिला धावला तो माझा भाऊच. त्यानेच त्याला पाठीवर घेऊन गाडीपर्यंत नेले. हेही लिहावे. सामासोनी इस्पितळात आहे.

त्याच दुपारी सभेचा निरोप आला, की सामासोनीच्या कुटुंबाने गाव सोडावे. त्यात माझे नाव नव्हते. निरोप्याला मी म्हटले, "माझेही घाल म्हणावे." तो खाली मान घालून गेला. तेव्हापासून शेजारच्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. माझे घरात लक्ष लागत नाही. भांडी घासायला घेते आणि तशीच सोडून पडक्या खांबांपाशी जाऊन उभी राहते.

आज उजाडता भाऊ माझ्या दारात डोक्यावरून चटई पांघरून बसला. अपराध्याने माफीसाठी असे बसायचे व घरच्यांनी चटई उचलली की माफ, ही आमची रीत. मी बराच वेळ आत-बाहेर केले. ऊन वाढले. त्याला रक्तदाबाचा त्रास आहे. मी चटई उचलली, पाणी दिले.

तो म्हणाला, "मग आता ठाण्यात नको ना जाऊस?"

मी म्हणाले, "बसची वेळ झाली."

"ताई, मला तुरुंगात टाकतील."

"टाकतील. जेवण मी आणून देईन. पण सामासोनी घरी येणार आणि पुन्हा बांधणार. तेव्हा तू कुठे उभा राहशील, ते मला आज सांग."

मी निघाले. बसमध्ये चढल्यावर पाहिले, तर मागच्या दारातून तोही चढला होता. आता बाहेर बाकावर बसला आहे. त्याला मी आणलेले नाही. त्याचे त्याला विचारावे.

लिहिलेले सर्व शिपाईबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवले. "जमावाने पहिला घाव घातला" असे एका ठिकाणी लिहिले गेले होते. ते खोडून "माझ्या भावाने" असे करून घेतले. बाकी मी बोलले तसेच आहे. खाली माझी सही.

माकेरीता आपेलू