सीलबंद कार्डाची डबी फोडल्याबाबत

जबाब, दि. १२ ऑक्टोबर २०१९

मी, एल्डन रॉय क्रुगमायर, वय ७१ वर्षे, धंदा : टपाल खात्यातून सेवानिवृत्त, राहणार १८, मेपल स्ट्रीट, मिलर्सफोर्ड, ओहायो, आज दुपारी पावणेचार वाजता आपण होऊन पोलीस ठाण्यात येऊन सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटाच राहतो. चौतीस वर्षे पत्रे वाटली, एकही चुकीच्या दारात टाकलेले नाही. बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डे जमवणे हा माझा छंद आहे. डॉ. मर्ल हॉफस्टेटर, वय ७३, निवृत्त दंतवैद्य, यांना मी बेचाळीस वर्षे ओळखतो. त्यांच्यावर गुन्हा दाखल करावा अशी माझी मागणी आहे. त्यांना इथे अहो-जाहो केले आहे ते सार्जंट टॅमी ओब्रिस्ट यांच्या सूचनेवरून. पुढे मला ते जमणार नाही.

आमच्या कार्ड मंडळाची वार्षिक सभा आज सकाळी अकरा वाजता लुथरन चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरली. अठरा सभासद हजर होते. जुन्या कार्डांच्या छंदावर सगळ्यात जास्त प्रभाव कोणाचा, हा वाद आमच्याकडे दरवर्षी होतो. यंदा मंडळाला पन्नास वर्षे झाली म्हणून पितळी पाटी करून घेतली आहे आणि तीवर नावापुरती जागा मोकळी सोडली आहे. त्यामुळे वाद जरा जास्तच पेटला.

अध्यक्षा डोलोरेस पिंटर पूर्वी ग्रंथपाल होत्या. सगळ्या कार्डांना क्रमांक देऊन ज्यांनी यादी छापली त्या गृहस्थांचे नाव त्यांनी सुचवले. "यादी नसती तर आपल्याकडे काय नाही हेच आपल्याला कळलं नसतं," असे त्या म्हणाल्या, आणि बरेच जण गंभीर झाले. मर्लने च्युइंगगमच्या कंपनीतल्या त्या माणसाचे नाव घेतले, ज्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून कार्डे आखली आणि पुढे न खपलेले गठ्ठे समुद्रात नेऊन टाकले. मर्ल म्हणाला, "त्यानंच बनवली, त्यानंच बुडवली. आणखी काय करायला हवं होतं त्यानं?" मागच्या रांगेतून "आपापल्या आया" अशी सूचना आली, कारण त्यांनी कार्डे केरात टाकली म्हणूनच उरलेली दुर्मिळ झाली. ती दरवर्षी येते आणि दरवर्षी फेटाळली जाते.

माझे मत असे होते की, कार्डांना दहापैकी गुण देऊन पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करायची पद्धत ज्यांनी काढली, त्यांचा मान पहिला. पुरावा म्हणून मी कोटाच्या खिशातून माझे कार्ड काढले. टेड ब्रोझेक, राखीव कॅचर, सन १९५६. आठ वर्षांचा असताना च्युइंगगमच्या पाकिटातून, गमच्या वडीला चिकटलेले, ते मला मिळाले. १९९६ साली मी ते तपासायला पाठवले, आणि दहापैकी आठ गुण मिळवून ते सीलबंद होऊन आले. मला शाळेत कशातच आठ मिळालेले नाहीत.

मर्लने विचारले, "एल्डन, हे कार्ड शेवटचं हातात कधी घेतलंस?"

"आत्ता घेतलंय की."

"ती डबी आहे, लेका. तेवीस वर्षं डबी सांभाळतोयस तू. कार्डाला वास कसला येतो, सांग बघू."

"वासाला गुण नसतात."

"तेच म्हणतोय मी. ज्यानं वास दिला तो मोठा, का ज्यानं कोंडला तो?"

यावर मी म्हणालो की, तुझ्यासारख्याच्या हाती लागू नये म्हणूनच डबी असते. मर्लच्या खिशात दात काढायची जुनी पक्कड असते. मंडळाच्या जेवणात काकडीच्या लोणच्याच्या बरण्या त्यानेच उघडायच्या असा प्रघात आहे. त्याने डबी माझ्या हातातून घेतली, कोपऱ्याला पक्कड लावली आणि मनगट दोनदा फिरवले. आवाज थेट दाढ निघाल्यासारखा होता, असे हजर असलेल्या त्याच्या तीन जुन्या पेशंटांचे म्हणणे आहे.

मी बटाट्याच्या सॅलडचे भांडे त्याच्या डोक्यावर पालथे केले. हे कोणी विचारले नसताना मी सांगत आहे.

कार्ड टेबलावर पडले होते, ते मी उचलले. पुढच्या चार-पाच मिनिटांबद्दल मला काही सांगायचे नाही. सार्जंटबाईंनी दोनदा विचारले, तरी तेच. डोलोरेसबाई सांगतात की मी कार्ड नाकाशी धरून उभा होतो आणि कागदी रुमाल त्यांनीच मला दिला. वास होता. गमच्या साखरेचा, थोडा पुठ्ठ्याचा. तो अजून टिकून होता याचा मला फार आनंद झाला.

मग डोलोरेसबाई म्हणाल्या, "एल्डन, मला जरा." त्या हात धुऊन आल्या. त्यांच्यामागे बाकीच्यांनीही बेसिनपाशी रांग लावली. सोळा जणांनी कार्ड हातात घेतले, कडेने धरले, हुंगले आणि परत दिले. कोणी गुणांचे नाव काढले नाही. सगळ्यात शेवटी मर्ल उभा होता. त्याच्या कानावर सॅलड होते. मी कार्ड खिशात टाकले आणि म्हणालो, "तुला नाही." तो "बरं" म्हणाला. बेचाळीस वर्षांत माझ्या बोलण्यावर तो "बरं" म्हणाल्याचे मला आठवत नाही.

मतदान राहूनच गेले. मी पोलिसांत जातो म्हणून सांगितले. माझी गाडी दुरुस्तीला दिल्यामुळे मला मर्लनेच इथे आणून सोडले. वाटेत तो फक्त "पट्टा लाव" एवढेच बोलला. सध्या तो बाहेर बाकावर बसून आहे.

सार्जंटबाईंनी समजावले की, गुन्हा दाखल झाल्यास कार्ड मुद्देमाल म्हणून जमा होईल आणि निकाल लागेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद राहील. किती दिवस, असे मी विचारले. "आठ-दहा महिने तरी धरा." कागदी पाकिटात ठेवता येईल का, असे विचारले. नाही म्हणाल्या. रविवारी येऊन थोडा वेळ बाहेर काढता येईल का, असेही विचारले. त्यालाही नाही म्हणाल्या. विचार करायला मी दहा मिनिटे मागून घेतली. एक पुरले.

सबब माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. डबी माझ्या संमतीने फुटली असे धरावे. ती संमती मी आज दुपारी साडेचार वाजता देत आहे. मर्लवर माझा राग मात्र आहे आणि तो कागदावर राहावा. पाटीवर कोणाचे नाव घालावे, असे सार्जंटबाईंनी कुतूहलाने विचारले. सकाळपर्यंत मला ते पक्के ठाऊक होते.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, कुठे कमी-जास्त नाही. सही करायला हात मोकळा हवा, म्हणून डॉ. मर्ल हॉफस्टेटर यांना आत बोलावून कार्ड त्यांच्याकडे धरायला दिले आहे. त्यांनी हात धुतले आहेत. सही मी सावकाश करीत आहे.

एल्डन रॉय क्रुगमायर