तिकीट मागताना पडदा नसतो

प्रेमिला : गावचा टेम्पो येत नाई आता. उठा जी, यष्टी भेटंल अजून.

केवळराम : थांब वो जरा. पंक्चर झाला असंल.

प्रेमिला : अन् सगळ्यायचे फोनबी पंक्चर झाले? रामाजी काल म्हने, बुवा, मी तुमच्या बाजूले उभा राहीन. आज त्याची बायको म्हन्ते, ते शेतात गेले, फोन घरीच राह्यला. एवढ्या उन्हात कोन्तं शेत आहे त्याचं?

अश्वजित : काकू, थोडं हळू. पार्टी ऑफिसच्या या व्हरांड्यात सगळी भाऊसाहेबांचीच माणसं आहेत.

प्रेमिला : म्हून तं म्हन्ते उठा. वकीलसायेब, तुम्ही चंद्रपुरात राह्यता. कडी लावली का झोपता. आमाले जंगलातून घरी जा लागते.

अश्वजित : माझी आई अजून तुमच्याच गावात राहते ना काकू. व्हिडिओत तिचाही हात वर आहे.

केवळराम : बायनाबाईचा? ते कधी आली कीर्तनाले?

अश्वजित : सप्त्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणे, तुमच्या देवाचं ऐकाले नाई गेली, केवळरामचा गळा ऐकाले गेली.

केवळराम : पाय, प्रेमिला! असा श्रोता भेटाले पुण्य लागते.

प्रेमिला : खुश नका होऊ. त्याच कीर्तनानं हा दिवस दाखवला. काल्याच्या कीर्तनात कोनी इलेक्शन घेते का?

केवळराम : म्या कोनाचं नाव नाई घेतलं. गोकुळाचा दृष्टान्त देल्ला. लोनी गोकुळाचं, घुसळलं गवळनीयनं, अन् मथुरेच्या बाजारात ते कोन नेईल हे कंसानं ठरवाचं? गोकुळाचा मानूस गोकुळच निवडंल. एवढंच बोललो.

प्रेमिला : एवढंच? अन् मंग टाळ थांबवून म्हटलं ते? ज्याले कंस नको, त्यानं दोन्ही हात वर करून इठ्ठल म्हना.

केवळराम : बोलन्याच्या भरात निघालं ते.

प्रेमिला : कीर्तनात बुवा हात वर म्हनते, तं हात जातेच वर. कोनी इचारत नाई कायले. झोपलेलाबी वर करते. अन् कोन्या तरी पोट्ट्यानं त्याचा व्हिडिओ काढला. आता भाऊसायबाच्या मोबाईलात साऱ्या गावाचे हात आहेत, हाताखाली तोंडं आहेत.

केवळराम : भरात निघालं हे खरं. पन लोकायले माईत होतं, प्रेमिला. हात लवकर खाली नाई आले. म्या गादीवरून पाह्यलं ना.

अश्वजित : मलेही तसंच वाटते, काकू. भाऊसाहेबांच्या माणसाले विचारल्याशिवाय तिकडे सप्ता नाई, ग्रामसभा नाई, झाडाखाली चार माणसं बसणं नाई. कोण कोणाशी बोललं, हे संध्याकाळपर्यंत त्यांच्या वाड्यावर पोचते. लोकांच्या छातीवर ते साचलं होतं. हात त्याच्यासाठी गेले वर.

प्रेमिला : गेले ना. मंग आज कुठी आहेत ते हात?

केवळराम : आपन आहो ना. मुंबईच्या सायबानं बोलावलं...

प्रेमिला : बोलावलं नाई. दरवाजा उघडा ठेवला. बोलावनं येगळं अन् दरवाजा येगळा.

अश्वजित : उघडा आहे, हेच पुष्कळ आहे. एवढी मोठी पार्टी, तिचा निरीक्षक इथं येऊन विचारून राह्यला, का आमदारकीचं तिकीट कोणाले द्यायचं. काऊन? मागच्या वेळी ते याच जंगलपट्ट्यात पडले. तिकीट भाऊसाहेबांलेच होतं, अन् तुम्ही लोक घरी बसले.

प्रेमिला : मंग औंदाबी बसू घरी. त्याले काय चंद्रपूरले या लागते?

अश्वजित : नुसतं बसलं तं ते म्हणतात, जंगलातले लोक आळशी, मत द्यायले निघत नाई. काऊन बसले, हे कोणीतरी सांगावं लागते. ललिताबाईले तिकीट द्या, आम्ही निघतो. भाऊसाहेबांले द्या, आम्ही घरीच. एवढंच सांगायचं.

केवळराम : ललिताच्या गावात ग्रामसभेत बाया तोंडावर भांडतात. सरपंच असून ते ऐकून घेते. कोन काय बोललं, हे कोनी कोनाच्या घरी जाऊन सांगत नाई. आपल्याले तेवढंच पाह्यजे वो. दुसरं काई नाई मांगत.

प्रेमिला : मले का ललिता नको आहे? पन मत देतानी पुठ्ठ्याचा आडोसा राह्यते जी. बटन दाबलं, निंघालो, कोनाले पत्ता नाई. तिकीट मागतानी कायचा आडोसा आहे? तोंड दाखवून मागा लागते. त्याच्याच मानसायच्या समोर.

अश्वजित : ते खरं आहे, काकू.

केवळराम : चूप. भाऊसायबाचा बिरजू येऊन राह्यला.

बिरजू : क्या बुवा, रामकृष्णहरी! पानी-बिनी घेतलं का? व्हिडिओ पाह्यला बरं मी. गला एकदम झकास. भाऊसाहेबांनी तं दोन-दोन बार पाह्यला.

केवळराम : माउलीची किरपा.

बिरजू : और क्लिअर किती! एकेकाचं तोंड दिसते.

अश्वजित : बिरजूभाऊ, तुम्ही इथं दारावर कसे?

बिरजू : पार्टीचा कार्यकर्ता आहो, वकीलसाहेब. सेवा करून राह्यलो. तुमचं मत इकडे चंद्रपुरात आहे ना? मग आत नाही जाता येणार. तिकडचेच मतदार फक्त. रूल आहे. काकू, तुमचा सोनू बल्लारपूरलेच आहे ना, ठेक्यावर?

प्रेमिला : हो.

बिरजू : चांगला पोट्टा आहे. ठेकेदार आपलाच दोस्त. काही लागलं तं सांगजा, शरमू नका. अन् बुवा, आत जाऊन एकच बोलायचं, पार्टी देईल तो उमेदवार मान्य. बस, खतम. पुकारतो मी.

प्रेमिला : गेला का?

अश्वजित : दारापाशी आहे. इकडेच पाहून राह्यला.

केवळराम : चाल, प्रेमिला. उठ. तू म्हनत होती ते बरोबर होतं. पोराच्या पोटावर नाई आनाचं आपल्याले. यष्टी असंल अजून.

प्रेमिला : बसा.

केवळराम : आँ?

प्रेमिला : बसा म्हन्ते. आपन उठलो म्हून का सोनूचं नाव त्याच्या तोंडातून वापस येते? सकाळपासून मले वाटे, इथून उठलो का भेव इथीच राह्यते. नाई राह्यत. तेबी यष्टीत बसते आपल्यासंग. घरी येते. उद्या आनखीन काई मांगते.

केवळराम : माह्या गळ्यातून आवाज नाई निघून राह्यला. खरंच. एवढी वर्सं नारदाच्या गादीवर उभा राह्यलो, असं कधी नाई झालं.

अश्वजित : पाणी घ्या, काका.

केवळराम : पान्यानं नाई होत हे.

प्रेमिला : कीर्तनात तुमचा दम सरते, तवा मांगून कोन उचलते? बायायच्या बाजूनं?

केवळराम : तू.

प्रेमिला : मंग?

केवळराम : अवो, ते भजनाची झील आहे. हे आत...

बिरजू : केवळराम बुवा! या. एकटेच.

प्रेमिला : मी येते.

बिरजू : काकू, बुवाचं नाव सांगितलं आहे आत.

प्रेमिला : बुवाचा गळा बसला. मी तिकडचीच मतदार आहो. रूल आहे ना?

(प्रेमिला आत जाते. दार लागते.)

केवळराम : काई ऐकू येते का?

अश्वजित : नाई. पंखा वाजून राह्यला.

केवळराम : म्या अडवाले पाह्यजे होतं तिले.

अश्वजित : अडली असती का?

केवळराम : नाई. लगन झालं तवापासून नाई अडली. वकीलबाबू, तुम्ही धम्मवाले, तुमाले देव चालत नाई. भेव लागलं तं तुम्ही काय म्हन्ता?

अश्वजित : आई त्रिसरण म्हणते. मी... मी घड्याळ पाहतो.

केवळराम : पाहू नका. त्यानं येळ लांबते. निंघाली! प्रेमिला, इथी बस. काय म्हने सायेब?

प्रेमिला : पानी इचारलं. घेतलं म्या.

अश्वजित : मग?

प्रेमिला : मंग म्या सांगितलं. भाऊसायेब नको, ललिता द्या. गोकुळाचा दृष्टान्तबी देल्ला. अर्धा इसरली. सायेब हासला नाई, म्हून अर्ध्याचंच भागवलं.

केवळराम : अर्धा पुरते. अर्धा पुरते.

प्रेमिला : मंग तो म्हने, बाई, तुमच्यासारखे किती लोक आहेत? नावं सांगा. नाई तं कसं मानू?

केवळराम : देवा! अन् बिरजू तिथीच?

प्रेमिला : पाठीमांगं. दाराले टेकून. माह्या ओठापर्यंत आली होती नावं. रामाजी, बायनाबाई, सगळी. सांगितली तं ती भाऊसायबाच्या घरी जातील. नाई सांगितली तं मी एकटीच ठरीन.

अश्वजित : मग काय केलं, काकू?

प्रेमिला : तुमचंच वापरलं. म्हटलं, सायेब, नावं नाई सांगत. मागच्या येळी जे घरी बसले, त्यायले मोजा. ते आमी.

अश्वजित : काकू!

प्रेमिला : त्यानं पेन खाली ठेवला. मंग म्हने, या तुम्ही.

केवळराम : म्हंजे देईल का ललिताले?

प्रेमिला : मले काय ठाऊक? ऐकलं त्यानं, एवढं पाह्यलं म्या. बिरजूनंबी ऐकलं.

बिरजू : काकू, बहोत बढिया बोलल्या. घरापर्यंत आपली गाडी सोडून देते. चला.

प्रेमिला : नको, भाऊ. यष्टीनं जातो.

बिरजू : जशी मर्जी. जपून जा. रस्ता खराब आहे.

प्रेमिला : सोनूले फोन लावा जी.

केवळराम : लावला. तू आत होती तवाच लावला. उचलत नाई.

प्रेमिला : काऊन?

केवळराम : कामावर असंल.

प्रेमिला : आज तं त्याची सुट्टी आहे ना?

केवळराम : रिंग जाते वो बरोबर. त्यानं रिंगच्या जागी गजर लावून ठेवला आहे ना, इठ्ठल इठ्ठल. तोच वाजते, अन् बंद होते.

प्रेमिला : वाजू द्या. सरला का पुन्हा लावा.