आठाचे चोवीस

अहो, हसताय काय! आठ बिट म्हणजे काय हे मला तरी कुठं माहीत होतं? मी जन्मभर गिरीजला केळी पिकवली, तुम्हाला सांगतो, रंगावरून घड कधी उतरवायचा ते मला अंधारातसुद्धा कळतं... आणि मला रंग शिकवणार कोण? तर शेजारचा फेबियन! इंजिनियर ना तो! त्यानंच आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं, "अंकल, व्हायरस येत नाही!" व्हायरस नाही आला हो, पण ईस्टरला आमच्या ॲल्रॉयनं मस्कतहून फोटो पाठवला, उघडून बघतो तर पोरगा पिवळाधम्मक!

आमची उर्सुला घाबरली. "अहो, त्याचं तोंड बघा, डोळे बघा!" फेबियन म्हणतो, "आंटी, डिस्प्ले आठ बिटवर आहे. सगळे मिळून दोनशे छप्पन्न रंग, त्यात काय काय बसवणार? रंग मशीनचा आहे, माणसाचा नाही!" आणि पुरावा म्हणून त्यानं आमच्या भाचीच्या लग्नाचा फोटो उघडला... फादर हिरवे, नवरी जांभळी! पटलं मला.

पण हिला पटेल तर ना! जेवताना तेच, वाडीत पाणी लावताना तेच. शेवटी मस्कतला फोन लावला. "पपा, मस्त आहे मी! जरा भूक लागत नाही, इथं गरमी आहे ना." झालं समाधान? नाही! मग मीच शहाणा, म्हटलं, "उर्सुला, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं!" काय हसलो आम्ही, फेबियनला तर चहाचा ठसका लागला... रंग मशीनचा आहे, माणसाचा नाही!

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फेबियन बसलाच. कुठलीशी फाईल उघडली, आठाचे चोवीस केले, परत चालू केलं... स्क्रीन काळा! पुन्हा खाटखुट, पुन्हा काळा! "अंकल, कार्डाला मेमरी कमी आहे. खरे रंग हवेत तर सगळं मोठं मोठं दिसणार." म्हटलं, दिसू दे! पोरगाच आहे आमचा, मोठा दिसला तर बिघडलं कुठं?

आणि आले हो रंग! फादर गोरेपान, नवरी पांढरी. मग ॲल्रॉयचा फोटो. समुद्र निळा... शर्ट पांढरा, इस्त्रीची घडीसुद्धा दिसत होती... आणि स्क्रीनभर तोंड. पिवळं. डोळे पिवळे, पार कोपऱ्यापर्यंत.

फेबियन मॉनिटरची बटणं दाबत बसला. मी म्हटलं, "रंग मशीनचा..." उर्सुला उठली आणि मस्कतचा नंबर फिरवायला लागली.

मी काय करणार? म्हटलं, "फेबियन, बाबा... पुन्हा आठच कर की रे."